वर विष, खाली मज्वर

मेलेल्या माणसाचं नाव ते उभं राहून लिहीत. वय, पत्ता, धंदा, मरणाचं कारण, हे सगळं बसून. नाव मात्र उभ्यानं. परळच्या जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत मी रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि माझी खात्री पटली की म्हाताऱ्याला मूळव्याध आहे. आठवडाभर मी त्यांच्याकडे मोठ्या सहानुभूतीनं बघत होतो. शेवटी शिपायाला हळूच म्हटलं, "अरे, त्यांना एखादी उशी का देत नाही कुणी?" शिपायानं हे जसंच्या तसं त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी मला बोलावणं पाठवलं. मला वाटलं, आता उशीबद्दल आभार मानणार.

"तुम्ही गिरगावातले ना? तुमच्याकडे पाहुणा कायमचा निघाला तर दारापर्यंत जातात, की बसल्या जागेवरून हात हलवतात?"

"दारापर्यंत जातात."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाचं नाव लिहायला उभे राहिले.

हुद्द्यानं ते हेडक्लार्क. माझगावातून रोज चालत यायचे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट घालून, आणि कोटाच्या वरच्या खिशात टाकाचं निब पुसायचं फडकं. लालबाग-परळचे लोक त्यांना मास्तर म्हणत, कारण कचेरीची त्यांनी शाळा करून टाकली होती. दाखला लिहून झाला की तो खिडकीतून नुसता सरकवायचा नाही. आधी मोठ्यानं वाचायचा. मग विचारायचं, "कळलं?" समोरचा मान हलवी. की लगेच दुसरा प्रश्न, "काय कळलं, सांगा." जोपर्यंत समोरची बाई "माझा सासरा, पिकलं पान, धाप लागून गेला" असं स्वतःच्या तोंडानं म्हणत नाही तोपर्यंत शिक्का उठायचा नाही. रांग पार जिन्याखाली जायची. लोक शिव्या घालत आणि घालता घालता आपलं उत्तर पाठ करत.

आणि मी? मी चोवीस वर्षांचा होतो, खोताच्या वाडीच्या तोंडाशी असलेल्या चाळीत राहत होतो, संस्कृतात पारितोषिक मिळवलं होतं आणि ही गोष्ट भेटणाऱ्या प्रत्येकाला दहा मिनिटांच्या आत कळेल अशी व्यवस्था ठेवून होतो. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मोर्च्यात मी घसा फोडून ओरडत असे; पोलीस दिसले की मात्र मला तातडीनं तहान लागे आणि मी बाजूच्या हॉटेलात शिरे. पण मराठीची सेवा लाठी न खाताही करता येते असा शोध मला लागला होता. कचेरीतले इंग्रजी शब्द हाकलायचं मी मनावर घेतलं. एकदा शिपायाला फर्मावलं, "मसी घेऊन ये." मसी म्हणजे शाई. शिपाई मालवणकडचा. तो तासाभरानं घामाघूम होऊन परतला आणि म्हणाला, "साहेब, पापलेट नाय गावला, बांगडे हाडलंय." ते बांगडे मी छत्रीत गुंडाळून घरी नेले. आई म्हणाली, चांगले आहेत, रोज आणत जा.

मास्तरांचं मोर्च्याचं प्रकरण वेगळं होतं. ते रीतसर रजेचा अर्ज देऊन जात. अर्जात कारण लिहीत, "मुंबईसाठी". एकदा परतले ते सदरा खांद्याशी फाटलेला आणि कपाळाला टेंगूळ. आल्या आल्या विचारलं, "खिडकीवर किती जण ताटकळलेत?" मी त्यांना पाणी दिलं आणि मोर्च्याबद्दल खोदून खोदून विचारलं, कारण संध्याकाळी वाडीत मला तो आपल्या डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगायचा होता.

तर अशा या दोघांच्या कचेरीत परिषदेचं पत्र आलं. सार्वजनिक आरोग्याची वाटचाल, काल आणि उद्या, असा विषय. परळच्याच एका सभागृहात ठिकठिकाणचे आरोग्य अधिकारी, डॉक्टर, रोगनिरीक्षक जमायचे होते. अध्यक्ष आमच्या खात्याचेच मोठे साहेब, विलायतेत शिकून आलेले. 'काल' या भागात सर्वांत जुने कर्मचारी म्हणून आमच्या हेडक्लार्कचा शालनारळ देऊन सत्कार आणि पाच मिनिटं भाषण. 'उद्या' या भागात मी! राज्य उद्या मराठीत चालणार, मग माणसांनी इंग्रजीत का मरावं, असा सवाल करून मी रोगांच्या मराठी नावांची एक यादी तयार केली होती. ती परिषदेनं मंजूर केली की सगळीकडे लागू. आणि ती करणाऱ्याला खात्यात बढतीची जागा असं साहेबांनी सूचकपणे खाकरून सांगितलं होतं.

यादी आता आठवली की मलाच ढेकर येतो. हगवणीला अतिसार, पटकीला विषूचिका, धापेला श्वासकृच्छ्र. मास्तरांनी ती चष्मा वरखाली करत वाचली.

"हे रोग कुणाला होतात?"

"म्हणजे? सगळ्यांना."

"नाही, मला वाटलं कालिदासाला वगैरे."

मी दुखावलो. "मास्तर, भाषेला प्रतिष्ठा नको?"

"पाहिजे की. मोर्च्यात आपण काय मागतो, राज्य आपल्या भाषेत द्या. आपल्या म्हणजे कुणाच्या, एवढं ठरवा." मग जरा थांबून म्हणाले, "माझा बाप गेला तेव्हा इंग्रजीत कागद मिळाला. आई तो देव्हाऱ्यात ठेवायची. तिला वाटायचं, तिनं ताकभात दिला म्हणून गेला. मी नोकरीला लागलो तेव्हा मला वाचता आलं, न्यूमोनिया. तोवर आई कुठली राहायला! ताकभाताचं पाप डोक्यावर घेऊनच गेली."

मी "हं हं" केलं. खरं सांगायचं तर ते बोलत असताना मी मनात 'फुप्फुसदाह' बरा की 'फुप्फुसशोथ' हे ठरवत होतो.

परिषदेआधी महिनाभर शब्द दाखल्यांवर वापरून बघायला साहेबांनी परवानगी दिली. मास्तरांनी अट एकच घातली, "शब्द तुमचे, पण वाचून दाखवायचं काम माझ्याकडे." ती मी मान्य केली आणि तिसऱ्या आठवड्यात मोडली. परिषदेच्या तयारीनं माझा जीव वरखाली होत होता, रांग जिन्याखाली, समोर मास्तरांचं "काय कळलं, सांगा" चाललेलं. मी दुसरी खिडकी उघडली आणि लिहिलेले दाखले भराभर वाटून टाकले. अर्ध्या तासात रांग साफ. मी मास्तरांकडे बघून हातावर हात झाडले. याला म्हणतात उद्याचा कारभार!

परिषदेच्या आदल्या दिवशी दुपारी एक बाई खिडकीशी आली. तरुण, कपाळ मोकळं, कडेवर दीडेक वर्षाचा मुलगा. मागे चाळीतल्या दोन म्हाताऱ्या. तिनं घडी घातलेला दाखला पुढे केला.

"साहेब, ह्या तुमी लिवलास काय?"

अक्षर माझंच होतं, वळणदार. मी अभिमानानं हो म्हटलं.

"मगे माका सांगा, मी माज्या घोवाक इख कदी घातलंय?"

मला काही उमगेना. म्हाताऱ्यांनी मिळून सांगितलं ते असं. हिचा नवरा गिरणीत. तापानं गेला. गावाहून दीर आला, दाखला त्यानंच माझ्या खिडकीवरून नेला. त्याला वाचता येत नाही, म्हणून चाळीतल्या एका चौथी झालेल्या शहाण्याकडून वाचून घेतला. मरणाच्या कारणाचा रकाना अरुंद. त्यात माझा 'विषमज्वर' मावला नव्हता. वरच्या ओळीत 'विष' आणि खालच्या ओळीत 'मज्वर'. शहाण्यानं वाचलं, "विष." मग खालचं बोटानं चाचपडत, "मज्... मजूर. बरोबर, मजूरच होता तो." झालं! सरकारनं शिक्का मारून लिहून दिलंय, विष. विष कोण देणार? घरात दुसरं होतं कोण?

"भावोजी म्हणतंत, उद्याच्या बोटीन झिलाक घेवन जातलंय. इख घालणाऱ्या बाईकडे पोर ठेवचंय नाय. गावात सांगतले, मगे पोलिसांत जातले." तिनं मुलाला घट्ट धरलं. "डाक्टरान मुदतीचो ताप म्हणान सांगितल्यान होता. मी सांगलंय तेंका. तर म्हणतंत, सरकार काय खोटा लिवता?"

मुदतीचा ताप. टायफॉइडला हे नाव लालबागच्या पोरासोरांना ठाऊक. माझ्या यादीत ते 'ग्राम्य, वगळावे' या शेऱ्याखाली होतं.

मास्तर उठून आले होते. मला वाटलं, आता माझी चामडी लोळवणार. त्यांनी फक्त दाखला हातात घेतला, वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि बाईला म्हणाले, "बाय, संध्याकाळी येतो आम्ही. ज्यानं लिहिलंय तोच वाचून दाखवील."

संध्याकाळी आम्ही लालबागला गेलो. गॅलरीत सगळा मजला जमलेला. दीर खांबाला टेकून उभा, रडून रडून डोळे सुजलेले. त्यानं भावाला लहानपणी खांद्यावरून शाळेत नेलं होतं म्हणे. हा माणूस दुष्ट असता तर माझं काम सोपं झालं असतं. मी घसा साफ केला.

"बंधूंनो, हा शब्द विष असा नसून विषम असा आहे. विषम म्हणजे जो सम नाही तो. ज्वर म्हणजे..."

"मगे इख खय?" दिरानं विचारलं.

"विष नाहीच! 'म' खालच्या ओळीत गेलाय."

"म्हणजे वरच्या ओळीत इख आसा."

"आहे, पण ते सुटं नाही, ते जोडून..."

"कशात जोडून? जेवणात?"

गॅलरीत गलका झाला. एक बाई म्हणाली, "बघा, सायबच म्हणता, आसा म्हणान!" आलो होतो आरोप पुसायला आणि साक्ष देऊन बसलो. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी मला आणखी थोडा वेळ बुडू दिलं, हे मी त्यांना आजही पूर्ण माफ केलेलं नाही. मग म्हणाले, "मुदतीचा ताप."

गलका थांबला. "मुदतीचो ताप? मगे तसा सांगा ना!" म्हाताऱ्या म्हणाल्या.

पण दीर हलला नाही. "तोंडान काय, कोणय काय सांगात. कागदार इख आसा. माका कागदार व्हया. शिक्को मारून." मग तो हळू आवाजात म्हणाला, "आवशीक काय दाखव?"

त्याचंही खरं होतं. गावी म्हातारी आई कागद मागणार. नोंद दुरुस्त करायची तर साहेबांची सही हवी. साहेब उद्या सकाळपासून परिषदेत, आणि बोट सकाळी अकराला सुटायची. दुरुस्तीच्या शेऱ्यात कारण लिहायचं, खाली ज्यानं चूक केली त्याची सही. म्हणजे ज्या सकाळी माझी यादी मंजूर व्हायची त्याच सकाळी, यादी करणाऱ्याच्याच हातानं चुकीची कबुली. परतताना मी मास्तरांना म्हटलं, "परिषद संपल्यावर सही घेऊन पोस्टानं कागद पाठवला तर? मुलगा काय, येईल परत."

मास्तर चालत राहिले. माझगावला वळायच्या कोपऱ्यावर फक्त म्हणाले, "शेरा घरून लिहून आणा. अक्षर चांगलं आहे तुमचं."

रात्रभर मी तो शेरा चार वेळा लिहिला. चारही वेळा त्यात चूक रकान्याची होती.

सकाळी सभागृह भरलेलं. सत्कार पहिलाच. मास्तरांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. त्यांचं भाषण मीच लिहून दिलं होतं. 'आरोग्यगंगेच्या या पावन तटावर' अशी सुरुवात होती. त्यांनी ते कागद घडी करून नारळाखाली ठेवले आणि खिशातून तो दाखला काढला.

"मला भाषण येत नाही. मी एक नोंद वाचतो. पुरुष, गिरणी कामगार, राहणार लालबाग. मरणाचं कारण, विषमज्वर." त्यांनी चष्म्यावरून अध्यक्षांकडे बघितलं. "साहेब, कळलं?"

साहेबांनी हसून मान हलवली.

"काय कळलं, सांगा."

पंचवीस वर्षांची नोकरी झालेला हेडक्लार्क भर सभेत खात्याच्या प्रमुखाला खिडकीवरच्या बाईसारखं विचारत होता! साहेब सभ्य गृहस्थ. जरा विचार करून म्हणाले, "वेल... विषबाधेमुळे आलेला ज्वर. पॉइझनिंग."

पहिल्या रांगेतले दोन डॉक्टर "करेक्ट" म्हणाले. कुणी हसलं नाही, कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. अख्ख्या सभागृहात त्या शब्दाचा अर्थ ठाऊक असलेले आम्ही दोघंच. मास्तर माझ्याकडे बघत नव्हते. नारळाकडे बघत होते. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं, मला निदान त्यांच्यावर रागावता आलं असतं.

मी उठलो. कसा उठलो, माहीत नाही. माझ्या शौर्याची कथा म्हणून हे मी पुढे अनेक वर्षं सांगितलं, पण खरं ते असं की शेजारच्या निरीक्षकाला वाटलं मला बाहेर जायचंय, म्हणून तो पाय आवळून बसला, आणि वाट मोकळी झाल्यावर परत खाली बसणं जमेना.

"साहेब, टायफॉइड," मी म्हटलं. "तो शब्द माझा आहे. त्यापायी एका बाईचं मूल अकराच्या बोटीनं चाललंय. यादी मी मागे घेतो. इथं सही हवी."

खिशातला चारही वेळा रकान्यावर ढकललेला शेरा मी काढलाच नाही. टेबलावरच नवा कागद घेऊन लिहिलं, 'मी न कळणारा शब्द लिहिला व वाचून दाखवला नाही. मुदतीचा ताप असे वाचावे.' खाली सही केली. साहेबांनी तो दोनदा वाचला, आपली सही ठोकली, मास्तरांनी कोटातून आणलेला कचेरीचा शिक्का उठवला आणि साहेब गाडीची चावी ड्रायव्हरकडे फेकत म्हणाले, "पळा!" बढतीचं त्यांनी नंतर काही काढलं नाही, खाकरूनसुद्धा. आणि शब्द म्हणाल, तर तो शेवटी जिंकलाच. परवा नातू शाळेचं पुस्तक घेऊन आला, त्यात छापलंय, विषमज्वर. मी त्याला वाचून दाखवला आणि विचारलं, काय कळलं, सांग. म्हणाला, "आजोबा, तुम्ही फार बोअर करता."

गाडीत मास्तर शाल पांघरूनच बसले होते, काढायचं सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "चुकलं माझं." ते म्हणाले, "हं," आणि शिक्क्याची शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घालत राहिले.

भाऊच्या धक्क्यावर बोटीची पहिली शिट्टी झाली होती. वळकट्या, करंड्या, कोंबड्या, माणसं. दीर फळीच्या अलीकडे उभा, मुलगा त्याच्या खांद्यावर गळा काढून रडत होता. दोन हात अंतरावर ती. रडत नव्हती, नुसती मुलाच्या पायाला हात लावून उभी होती. तिच्या दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

मास्तरांनी कागद माझ्या हातात दिला. मी वाचला. शब्द सगळे स्वच्छ आले. मग दिरानं तो माझ्याकडून घेतला, सही चाचपली, शिक्का चाचपला आणि वाचता येत नसताना कितीतरी वेळ बघत राहिला.

"मुदतीचो ताप," तो स्वतःशीच म्हणाला. "माज्या भावाक मुदतीचो ताप इल्लो."

त्यानं मुलाला तिच्याकडे दिलं. पोरानं तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि एकदम गप्प झालं. दुसरी शिट्टी झाली. तिनं हातातलं फडकं पुढे केलं.

"भावोजी, भाकरी आसा. सुकटाची चटणी आसा. सकाळीच भाजलंय. झिलाची थोडी, तुमची थोडी. आता सगळी तुमीच खावा."

जी बाई विष घालते म्हणून तो गावभर सांगणार होता, तिनं त्याच्यासाठी पहाटे उठून भाकऱ्या भाजल्या होत्या. मूल घेऊन जाणाऱ्या माणसासाठी! मला हुंदका आला, आणि मी तो खोकल्यावर घातला.

लोक फळीवरून चढत होते, खलाशी ओरडत होता, "चला, चला!" दीर चढला नाही. त्यानं तिथंच धक्क्यावर, सगळ्यांच्या देखत, फडकं सोडलं. भाकरीचा मोठा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि तिच्याकडे बघत, डोळ्यांतलं पाणी न पुसता, चावून चावून पूर्ण खाल्ला. मग बोटीवर चढला.